आसेगावच्या मांडवात उतरलेली बॅटरी

माझ्या लग्नातलं एकही लुगडं मला फार दिवस नेसायला मिळालं नाही. सगळी बॅटरीतल्या तेजाबानं, म्हणजे अ‍ॅसिडनं, खाल्ली. तेजाबाचा थेंब सुती कापडावर पडला की तेव्हा काही दिसत नाही. ओल वाळून जाते, बाई विसरून जाते. मग धुणं पिळताना कापडातून बोट आरपार निघतं. कारंजा गावात, आमच्या घराशेजारी, एकदा शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिनं ओटी भरली, मी पदर सावरला, तर गहू पदराच्या भोकांतून सगळे जमिनीवर. बायका हसल्या. त्या काही वाईट नव्हत्या. हसण्यासारखंच झालं होतं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुणाकडे ओटी भरून घ्यायला गेले नाही.

तुम्ही केलेल्या कामाविषयी लिहा, असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या. बाईनं बॅटऱ्या भरायचं दुकान चालवलं, याचं त्यांना कौतुक. मी आठवायला बसले, तर कौतुकाचं थोडं आणि मान खाली घालण्याचंच जास्त निघालं. तेच लिहिते.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागातल्या खेड्यांत विजेचा पत्ता नव्हता. पण मोटारी आल्या होत्या, एखाद्या मालदाराकडे रेडिओ आला होता, लग्नात लाउडस्पीकरचा कर्णा वाजू लागला होता. हे सगळं बॅटरीवर चालायचं. आमच्या दुकानात तेलाचं इंजिन होतं, त्यावर डायनामो, आणि फळीवर ओळीनं बॅटऱ्या भरायला लावलेल्या. दुकान यांनी टाकलेलं. यांनी म्हणजे माझ्या मालकांनी. बॅटरी म्हणजे काय, ते हे गिऱ्हाइकांना असं सांगायचे : काळ्या पेटीत शिशाच्या पट्ट्या उभ्या असतात, त्या तेजाबाच्या पाण्यात बुडालेल्या असतात. वापरली की उतरते, भरली की चढते. जनावरासारखी आहे, उपाशीही ठेवू नये आणि चारा कोंबूही नये.

पहिल्यांदा माझा आणि बॅटरीचा संबंध फक्त भोकं पडलेल्या कपड्यांपुरता होता. तो वाढला तो एका ट्रकवाल्यामुळे. भरत असलेल्या बॅटरीतून वायू निघतो. तो दिसत नाही आणि ठिणगी लागली की बंदुकीसारखा उडतो. म्हणून दुकानात विडी-काडीला बंदी. हे बॅटरीवर वाकून बुचं उघडत होते आणि ट्रकवाल्याला वाटलं आपण मदत करावी. आतलं पाणी नीट दिसावं म्हणून त्यानं काडी ओढली. मी मागे भाकरी थापत होते. आवाज ऐकून धावले तर हे चेहरा धरून बसलेले. मी घागर उचलली आणि ओतत राहिले. घागर संपली की रांजण, रांजण संपला की शेजारचा हौद. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं वाचवलं. वाचवलं म्हणजे काय, तर उजव्या डोळ्याला माणसाचा आकार दिसायचा, डाव्याला फक्त उजेड.

मग काम माझ्याकडे आलं. काचेची एक पिचकारी असते. तिनं बॅटरीतलं पाणी ओढायचं, आत एक काचेचा तरंगता गोळा असतो. तो वर तरंगला तर बॅटरी भरलेली, बुडाला तर उतरलेली. हे खुर्चीवर बसून विचारायचे आणि मी गोळ्यावरचा आकडा वाचून सांगायची. तेजाब पातळ करताना पाण्यात तेजाब हळूहळू घालायचं. तेजाबात पाणी घातलं तर ते उसळून तोंडावर येतं. बॅटरीत विहिरीचं पाणी घालायचं नाही, खास बाटलीतलं शुद्ध पाणीच घालायचं. हे मी शिकले. गिऱ्हाइकं मात्र शिकायची नाहीत. एका कीर्तनकार महाराजांनी कर्ण्याच्या बॅटरीत गंगाजल घातलं. बॅटरी गेली. आता त्यांना सांगायचं कसं? हे म्हणाले, "महाराज, तुमचं पुण्य तिले झेपलं नाई."

बाई बॅटरी भरते हे लोकांना रुचलं नसतं म्हणून दुकानात एक गोणपाटाचा पडदा होता. पडद्याआड मी, पडद्यापुढे हे. लोकांना कळायचं, पण पडदा असला की न कळल्यासारखं करता येतं.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागेल, म्हणजे पुढचं समजेल. बॅटरी भरण्याइतकंच ती उतरवणं जपून करायचं असतं. काही लोक दोन टोकांना तार लावून ठिणगी पाडतात आणि म्हणतात, जीव आहे. तसं करणं म्हणजे तिचा गळा दाबणं. आम्ही जुनी बॅटरी पारखायची तर मोटारीचा एक दिवा लावून तिला सावकाश उतरवायचो, अधूनमधून पिचकारी लावायचो, आणि अमुक हद्द आली की दिवा काढायचो. त्या हद्दीखाली तिला नेली, पार रिकामी केली आणि तशीच ठेवली, की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. मग ती पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही.

आसेगावच्या अंजनाआक्का माझ्या माहेरच्या. त्यांच्या धाकट्या मुलीचं, वच्छलेचं लग्न रिठदच्या देवराव पाटलांच्या मुलाशी ठरलं. अंजनाआक्कांचे मालक शंकरराव म्हणजे बेताची शेती असलेला, कष्टाळू, भिडस्त माणूस. देवराव पाटील मोठे. कर्णा पाहिजे, मांडवात विजेचे दिवे पाहिजेत, हे त्यांनी आधीच बजावलेलं. कर्णा कारंज्याच्या रहीमभाईंचा ठरला आणि बॅटरी आमची. नवी कोरी, दुकानातली सगळ्यात चांगली. हे म्हणाले, "तुले लग्नाले जानंच हाये, तं बॅटरीसंगं जाय. तिच्यावर ध्यान ठेव."

मोटारीनं मंगरूळपर्यंत आणि पुढे बैलगाडीनं आम्ही आदल्या दिवशी आसेगावला पोचलो. गाडीत बॅटरी माझ्या पायाशी, कडब्यात बसवलेली. रहीमभाईंनी मांडवात मोटारीचे दोन मोठे दिवे टांगले, लावून पाहिले, विझवले. मी पिचकारी लावली. गोळा छान वर तरंगला. बॅटरी पडवीत ठेवली. वच्छलेची मोठी बहीण कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, महिनाभर अवकाश होता म्हणे. तिनंच मला गूळपाणी दिलं. पोट सावरत चालायची, पण लग्नघरात तिचे पाय ठरत नव्हते. पाहुण्या बायकांची निजायची सोय शेजारच्या घरात होती, तिथे मी गेले.

लग्नाच्या दिवशी मी दिवसभर चुलीपुढे पुरण वाटत होते. कमल दिसली नाही. विचारलं तर अंजनाआक्का म्हणाल्या, "ताप आला तिले, निजून हाये." लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वरात वेशीवर आली की कर्णा सुरू करायचा, तोवर बॅटरीला हात लावायचा नाही, असं मीच रहीमभाईंना सांगितलेलं.

वरात आली. फेट्यांचे तुरे, वाजंत्री, पुढे देवराव पाटील. रहीमभाईंनी बटण दाबलं. कर्ण्यातून म्हैस ओरडल्यासारखा आवाज निघाला आणि बसला. दिव्यांच्या तारा विडीच्या टोकासारख्या लाल झाल्या आणि काळ्या पडल्या. वाजंत्रीही थांबली. सगळा गाव मांडवाकडे बघत होता.

"काय झालं, शंकरराव?" देवराव पाटील म्हणाले. "हेच का तुमचे इजेचे दिवे?"

रहीमभाई माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झाले, बॅटरीपाशी बसले, पिचकारी लावली. गोळा पार तळाला. बॅटरीच्या तिन्ही खणांत तेच. काल संध्याकाळी भरलेली बॅटरी आपोआप अशी उतरत नाही. कुणीतरी ती जाळली होती, आणि थोडीथोडकी नाही. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाटलांच्या मागे उभे असलेले शंकरराव मला दिसले. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले होते. छातीशी नाही, खाली, धोतराशी, कुणाला दिसू नयेत असे.

माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. अंजनाआक्का. "आत चाल," म्हणाल्या, आणि मला जवळजवळ ओढतच माजघरामागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं.

खोलीत कमल बाजेवर पडली होती, हळदीसारखी पिवळी. तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं मूल. गावची सुईण ठकूबाई तिचे तळवे चोळत होती.

"पायाकून येऊन राह्यलं होतं पोरगं," ठकूबाई हळू आवाजात म्हणाली. "कंदिलात मले काई दिसे ना, बाई. मीच म्हन्लं शंकररावले, मांडवातला उजेड आना, नाई तं दोघंबी जातेत. मंग त्यायनं खिडकीतून तार घेतली. उजाडेपावतर दिवे लावूनच होते, मंग पुन्हा मांडवात टांगले."

अंजनाआक्का माझ्यापुढे बसल्या. "बाळंतपनाची सुवेर लागली हाये घराले. भटजीले समजलं तं लगन लावत नाई. रिठदवाले तसेच माघारी जातेत, त्यायले निमित्तच पाह्यजे. माह्या वच्छीचं काय होईन? या लेकराच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग, कोनाले सांगनार नाई."

मी हात ठेवला. डोकं मोसंबीएवढं वाटलं हाताला, गरम, टाळू उडत असलेलं. मूल कण्हल्यासारखा आवाज करी आणि कमल त्याला छातीशी दाबून धरी, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. एक बाई मरणाच्या दारातून परत आली होती, तिला आपल्या लेकराचा आवाज दाबावा लागत होता. आणि मी तिथे उभी राहून काय विचार करत होते? आजच्या आज बॅटरी भरणीला लागली नाही तर पट्ट्या पांढऱ्या होतील, हा. आपल्या मनात काय आलं हे कुणाला दिसत नाही म्हणून बरं. पण मला तर ठाऊक आहे. त्या खोलीची आठवण आली की आजही मी एकटी असले तरी माझे कान तापतात.

बाहेर आले. गॅसबत्त्या पेटवायची धावपळ सुरू होती. देवराव पाटील खुर्चीवर बसलेले. "बोला, काय झालं बॅटरीले?"

"माझी चूक," मी म्हणाले. "भरणी कच्ची राह्यली."

"तुमी भरली?"

"हो."

ते वरातीकडे वळले. "ऐकलं का हो? बाईनं भरलेली बॅटरी! मंग मांडवात अंधार नाई पडन तं काय?" वऱ्हाडी हसले. गावही हसला, कारण पाहुण्याच्या विनोदाला हसावं लागतं. कुणीतरी मागून म्हणालं, "भाकर कच्ची ठेवत असन घरी, तशीच बॅटरी." शंकरराव मान खाली घालून अक्षता वाटत होते. मी रिकाम्या बॅटरीजवळ उभी राहिले. दुसरीकडे जावं तर सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं.

लग्न लागलं. गॅसबत्तीच्या उजेडात मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला तेव्हा वच्छलेनं नवऱ्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं.

पुढच्या गोष्टी ठाकठीक झाल्या. वरात रिठदला गेल्यावर कमलला 'ताप उतरून' मुलगा झाला असं सांगितलं आणि त्याप्रमाणे बारसं झालं. त्या मुलाची पत्रिका त्या खोट्या दिवसावरून मांडली. म्हणजे तिच्यातले ग्रह दुसऱ्याच कुणाचे असतील. तरी मुलगा पुढे चांगला निघाला.

बॅटरी कारंज्यात येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मी तिला अगदी हळू भरली, मग दिवा लावून सावकाश उतरवली, पुन्हा भरली. असं केल्यानं आजारी बॅटरी थोडी सावरते. सावरली, पण पुन्हा कर्ण्याला द्यायच्या लायकीची राहिली नाही. यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, भरणी कच्ची राहिली होती. "तू त आकडा बराबर सांगतला होता," हे म्हणाले. मी म्हणाले, वाचायला चुकले असेन. यांना खरं सांगायचं कितीदा ओठांवर आलं. पण आमचं दुकान मोटारीच्या अड्ड्याजवळ. तिथे बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी रिठदला पोचलं असतं, आणि हे रागावले की कुणापुढे काय बोलतील याचा नेम नसे.

आसेगावची गोष्ट मोटारीच्या डायवरांनी गावोगाव नेली. गिऱ्हाईक कमी झालं. जे यायचे ते आधी विचारायचे, "भरनार कोन? तुमी का बाई?" आणि मी पडद्याआड तेजाबाच्या बरण्यांमध्ये उभी असताना यांचा आवाज ऐकू यायचा : "ती आसेगावची बायकोनं भरली होती. म्या नाई. आता म्या सोता भरतो." खरं तर भरत मीच होते. दुकान वाचवायला बोलत होते बिचारे. पण दर खेपेला माझी मान अशी खाली जायची की पडदा नसता तरी कुणाला माझं तोंड दिसलं नसतं.

दोनेक वर्षांनी एका सकाळी दुकानापुढे माणसांनी ढकलत आणलेली जीप उभी राहिली. आतून देवराव पाटील उतरले. कारंज्यातल्या गुरुमंदिराच्या दर्शनाला आले होते, जीपचे दिवे चालू राहिले आणि बॅटरी बसली. कारंज्यात बॅटरी भरणारं दुसरं दुकान नव्हतं. दुकान कुणाचं हे त्यांना उतरल्यावर कळलं असावं.

"तुमीच भरा," ते यांना म्हणाले. "बाईले हात लावू देऊ नोका. एकडाव पाह्यलं आमी, आसेगावले."

मी तेव्हा पडद्याबाहेर होते. जीपमधून बॅटरी खाली काढायला हात लागतात आणि यांना दिसत नव्हतं. जीपमध्ये मागच्या बाजूला वच्छला बसली होती, डोक्यावर पदर. तिनं सासऱ्याचं बोलणं ऐकलं. खाली उतरली. मी तिला मांडवानंतर पहिल्यांदाच बघत होते. अंगानं भरली होती, चेहरा मात्र तोच.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज रस्त्यावर ऐकू जाईल असा होता. "आसेगावची बॅटरी चांगली होती. ते आमच्याच घरी..."

"पोरी!" मी ओरडलेच. "तुले बॅटरीतलं काय समजते? तिच्यात पाणी कमी होतं. म्या पाह्यलं नाई. माझी चूक होती, म्या तवाच कबूल केली."

वच्छला माझ्याकडे वळली. तिचे ओठ हलले. मी मान हलवली, नाही म्हणून. पाटील हसले. "पाह्य! सोता सांगून राह्यली. अन् आमची सूनबाई चालली तिची वकिली कराले." ते बॅटरी ठेवून, उद्या नेतो म्हणून, ओळखीच्या घरी उतरायला गेले. वच्छला त्यांच्या मागून गेली.

हे खुर्चीवर बसून होते. रस्त्यावरचे पावलांचे आवाज गेल्यावर म्हणाले, "तवा तं भरनी कच्ची म्हनली होती. आज पानी कमी म्हनते. एक काईतरी खोटं हाये."

मी बॅटरीचं टोक सोड्याच्या पाण्यानं पुसत होते. पुसत राहिले.

"का दोनी खोटं हाये?"

मग मी सांगितलं. खोली, कमल, पायाळू मूल, खिडकीतून घेतलेली तार, लेकराच्या डोक्यावर ठेवलेला हात. ती पोर आज स्वतःचं घर पणाला लावायला निघाली होती, हेही. माझ्या मनात त्या खोलीत काय आलं होतं तेवढं सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.

हे मग म्हणाले, "अन् म्या अख्ख्या बजारात तुही बदनामी करत बसलो." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना भिंत काय आणि मी काय, आकारच दिसायचे. तरी फिरवलं. 

बॅटरी मी भरली. सकाळी पाटील आले, बरोबर त्यांचा डायवर, वच्छला, आणि नेहमीप्रमाणे अड्ड्यावरची चार रिकामी माणसं. हे उठून उभे राहिले, बॅटरीवर हात ठेवला.

"पाटील," हे म्हणाले, "बॅटरी हिनंच भरली. म्या हात लावला नाई. या दुकानातली हरेक बॅटरी हीच भरते, माहे डोये गेले तवापासून. आसेगावचीबी हिनंच भरली होती अन् पक्की भरली होती. मंग ते काहून बसली, ते म्या सांगनार नाई. तुमाले चालत असन तं न्या. नाई तं वाशीम पाहा."

मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. नवऱ्यानं चार माणसांत माझी बाजू घेतली होती, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी, यांनी आजवर कधीच असं केलं नव्हतं हे आता सगळ्यांना समजलं, याचीच लाज वाटत होती.

पाटलांनी यांच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग डायवरला खूण केली. डायवरनं बॅटरी बसवली. जीप पहिल्याच खेपेला चालू झाली.

जाताना वच्छलेनं मागून डोकं बाहेर काढलं आणि दुकानाकडे बघून दोन्ही हात जोडले, असं समोरच्या शिंप्यानं मला नंतर सांगितलं. मी ते पाहिलं नाही. मी खाली बघत उभी होते.